प्रार्थनेची वही दोन बाजूंनी लिहा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाच्या (मोठं झाल्यावर स्वतःचा विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला बसलेल्या मुलांचे शेवटचे तीन रविवार माझ्याकडे असतात. विश्वासांगीकार म्हणजे विश्वासाची कबुली, दहा आज्ञा, भाकर आणि द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाचा अर्थ हे सगळं पाळकसाहेब त्यांच्याकडून पक्कं करून घेतात. माझ्याकडे उरतो तो एकच प्रश्न. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवले, फोटो काढून झाले, घरी पाहुणे जेवून गेले. आता सोमवारी काय करायचं? मी सेमिनरीत शिकलेला नाही. पुण्यात नाना पेठेत दुचाकींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आणि गेली चौतीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभा आहे. खाली जे सांगतोय ते तिथे उभं राहून, चुकून आणि पुन्हा करून हाताला बसलेलं आहे.

आधी एक वही घ्या. शंभर पानी, साधी. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण मोबाइल उघडला की प्रार्थनेआधी दहा गोष्टी समोर येतात. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव आणि तारीख. उजवीकडे, या प्रार्थनेतलं माझ्या वाट्याला काय आलं ते. डावीकडे ‘वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा मोतीबिंदू’ असं लिहिलं असेल तर उजवीकडे ‘बुधवारी तपासणीला घेऊन जाणे’. डावीकडे ‘आत्याच्या मुलाची नोकरी सुटली’, उजवीकडे ‘या महिन्याचा किराणा, न सांगता’. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून पाहा. उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ असं नुसतं तोंडाने सांगणाऱ्याला तिथे सरळ विचारलंय, याचा उपयोग काय? रेघेची उजवी बाजू त्या प्रश्नासाठी आहे.

सगळ्याच नावांपुढे काही सुचत नाही. माझ्या एका चुलतभावाचं नाव अकरा वर्षं डावीकडे आहे, दारूसाठी. सुरुवातीला उजवीकडे बरंच लिहिलं होतं : डॉक्टर, केंद्र, कर्ज, समजावणं. आता तिथे ‘वाट पाहणे’ एवढंच लिहितो आणि दर वही संपली की त्याचं नाव नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतो. हेही कामच आहे. पान फाडू नका.

वेळ नाही, तर जागा ठरवा

मुलं म्हणतात, काका, प्रार्थनेला वेळच मिळत नाही. पहाटे पाचला उठणारी माणसं मला ठाऊक आहेत, माझी आई त्यातली होती. पण ज्याला ते जमत नाही त्याने वेळेऐवजी जागा ठरवावी. मी राहतो घोरपडीला. माझ्या आयुष्यातली बरीचशी प्रार्थना घोरपडीच्या रेल्वे फाटकाशी झाली आहे. फाटक पडलं की लोक हॉर्न वाजवतात, कडेकडेने गाड्या घुसवतात. मी गाडी बंद करतो. मालगाडी असेल तर चार-पाच नावं होतात, पाठोपाठ दुसरी गाडी आली तर अख्खं पान होतं. सुरुवात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या शब्दांनी करतो आणि ‘आमची रोजची भाकर’ इथे थांबतो, कारण त्या दिवशी दुकानात कुणाला पगार द्यायचाय, कुणाची उधारी आहे, ते तिथेच आठवतं. डोळे उघडे ठेवूनच.

तुमचं फाटक तुम्ही शोधा. कुणाची पीएमपीची बस असेल, कुणाचा कुकर लावल्यानंतरच्या तीन शिट्ट्या. आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी भाकऱ्या थापताना एका भाकरीला एक नाव घेतात. घरात माणसं वाढली तशी त्यांची यादीही वाढली. मात्र जागा रोजचीच हवी.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. लांबली की मुलं ती टाळायला शिकतात. एक स्तुतीगीत, एक उतारा, प्रत्येकाने एक वाक्य. वडीलधाऱ्यांनी प्रार्थनेच्या नावाखाली मुलांना बोलणी देऊ नयेत. ‘हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ हे मुलाच्या देखत मोठ्याने म्हणणं म्हणजे प्रार्थनेच्या आडून त्याला टोचणं आहे. मी हे माझ्या मुलाशी केलं आणि एके दिवशी त्याने प्रार्थनेला बसायचं बंद केलं. त्याची माफी मागायला मला सहा महिने लागले.

वाचायचं कसं

आमच्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पुस्तकं 66, अध्याय 1,189. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पूर्ण होतं. पण नव्याने सुरू करणाऱ्याला मी हे सांगत नाही, कारण तो उत्पत्ती आणि निर्गम उत्साहाने पार करतो आणि नियमांनी भरलेल्या लेवीयमध्ये थांबतो. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळा अध्याय, सोळा दिवस. मग स्तोत्रं. आणि मोठ्याने वाचा, एवढं मात्र ऐकाच.

माझी आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली, चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून, पुटपुटत नाही तर चांगलं खणखणीत वाचायची. शेजारच्या बायकाही ऐकायच्या. पंडिता रमाबाईंची आठवण मला तिच्यामुळे येते. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडिता, पण शास्त्र साध्या बाईला कळेल अशा मराठीत यावं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं भाषांतर स्वतः केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याच्या कामाला तिथल्याच बायका होत्या. 1922 साली रमाबाई गेल्या, तोवर हे काम त्यांनी शेवटापर्यंत आणलं होतं. केडगाव पुण्याहून दौंडच्या रेल्वेमार्गावर आहे. दर वर्षी मी वर्गातल्या मुलांना तिथे घेऊन जातो. ज्या शब्दांसाठी कुणीतरी आयुष्याची शेवटची वर्षं खर्च केली, ते शब्द नुसते डोळ्यांखालून घालून चालत नाही, हे तिथे उभं राहिलं की न सांगता कळतं.

गल्ल्यावर

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सर्वांत जास्त वेळ मी वर्गात यावरच घालवतो.

2009 च्या पावसाळ्यातली गोष्ट. एक माणूस स्कूटरसाठी ब्रेक शू मागायला आला. पुढे उभी राहिलेली त्याची चार-पाच वर्षांची मुलगी स्कूटरचा आरसा धरून होती. ‘कंपनीचाच द्या’ म्हणाला. माझ्याकडे त्या दिवशी कंपनीचा संपला होता. हुबेहूब खोक्यातला लोकल माल होता, तो मी दिला आणि पैसे कंपनीच्या मालाचे घेतले. फरक सत्तर रुपयांचा. रात्री जेवणानंतर प्रार्थनेला बसलो आणि प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ या ठिकाणी माझा आवाजच बंद झाला. बायकोने वाक्य पुरं केलं. तिला वाटलं, घसा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या मेकॅनिककडून त्याचा पत्ता काढला, भवानी पेठेत निघाला. दारात उभं राहून सांगितलं, काल तुम्हाला मी खोटा माल दिला. नवा शू बरोबर नेला होता, मेकॅनिकलाही नेलं होतं. तो काही बोलला नाही. काम झाल्यावर दार लावून घेतलं आणि पुन्हा कधी माझ्या दुकानात आला नाही. त्याचं बरोबरच होतं. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन म्हणाला. मी तर एकपटच केलं होतं.

तेव्हापासून दुकानात मालाच्या तीन फळ्या आहेत आणि काउंटरवरच्या पोराला मी शिकवलंय : हा कंपनीचा, हा दुसऱ्या चांगल्या कंपनीचा, हा लोकल; भाव हे असे. गिऱ्हाइकाने न विचारता सांगायचं. ब्रेकच्या कामाचा लोकल माल मी ठेवतच नाही. आमच्या धंद्यात आणखी एक रीत आहे. मेकॅनिक गिऱ्हाईक पाठवतो आणि त्याचं कमिशन गिऱ्हाइकाच्याच बिलात चढतं, त्याला पत्ता लागत नाही. मी ते थांबवलं. मेकॅनिक स्वतः माल घ्यायला आला तर त्याला उघड सूट देतो, बिलावर लिहून. चार मेकॅनिक सोडून गेले. त्यातला एकही परत आलेला नाही, आणि त्या वर्षी दिवाळीला आमच्या घरात नवे कपडे आले नाहीत. मुलांना हे मी मुद्दाम सांगतो. सचोटी पाळली की धंदा वाढतो असं त्यांना कुणी शिकवलेलं असतं, आणि धंदा घटला की त्यांचा देवावरचा विश्वासच डगमगतो. लेवीय 19 मध्ये खरी तागडी, खरी वजनं ठेवा एवढंच सांगितलंय. बदल्यात गिऱ्हाईक वाढेल असं म्हटलेलं नाही. त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये असंही आहे. म्हणून आमच्या दोन्ही पोरांचा पगार एक तारखेला, संध्याकाळी शटर पडायच्या आत.

‘बिल जरा वाढवून द्या’ म्हणणारा रोज एक तरी येतो. त्याला उपदेश करू नका. ‘जेवढ्याचा माल तेवढंच बिल’ एवढं हसून म्हणा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळा. हिंजवडीला नोकरीला लागलेल्या मुलांना मी सांगतो, तुमचा गल्ला म्हणजे टाइमशीट. आठ तास लिहिलेत तर आठ तास.

मंडळीतला रुसवा

मी काही वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. एका वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी छताच्या दुरुस्तीतल्या 18,400 रुपयांचं व्हाउचर सगळ्यांसमोर मागितलं. व्हाउचर घरच्या फाइलमध्ये होतं. ते म्हणाले, ‘मग पुढच्या सभेत दाखवा.’ मला ते चोरीच्या आरोपासारखं लागलं. त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांना ‘जय ख्रिस्त’सुद्धा म्हटलं नाही. एकाच कठड्याशी गुडघे टेकून प्रभुभोजन घेत होतो, मध्ये दोन माणसं सोडून.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी मत्तयचा पाचवा अध्याय वाचनाला होता. वेदीपाशी आपलं दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. त्या दिवशी मी भोजनाला पुढे गेलो नाही. संध्याकाळी फाइल घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, ‘तुमच्यावर संशय नव्हता. खजिनदाराला विचारलंच पाहिजे, तुम्ही असा की मी असो.’ ते अगदी बरोबर होते. चौदा महिने मी माझा अपमान जपत बसलो होतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं ते सांगतो. आठवड्याच्या आत जा. फोनवर नको, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. त्या माणसाच्या घरी जा. मत्तय 18 प्रमाणे एकटे जा. बायको, मित्र, साक्षीदार हे सगळे नंतर. पहिलं वाक्य स्वतःच्या चुकीचं असू द्या आणि त्याला ‘पण’ जोडू नका. तिसऱ्या माणसाचं नाव काढू नका. समोरच्याने दार उघडलं नाही तर परत या, त्याचं नाव वहीत डावीकडे लिहा, उजवीकडे ‘पुन्हा जाणे’ आणि तारीख.

आणि कारभार असा ठेवा की रुसायला जागाच उरणार नाही. दानाची थैली दोघांनी मिळून मोजायची, दोघांच्या सह्या, महिन्याचा जमाखर्च फलकावर. भक्तीची वाढ खाली वाकून कप विसळण्यात जास्त होते असा माझा अनुभव आहे. तरी पद घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच घ्या.

दानाबद्दल थोडक्यात. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा उरलेल्यातला नसतो. पैसे हातात आले त्याच दिवशी पाकिटात घाला. दुकानदाराने विक्रीवर नव्हे, घरी नेण्याइतकं जे सुटतं त्यावर काढावा. ज्याला 500 रुपये खाऊचे मिळतात त्याने 50 काढावेत. माझ्या दशांशाचे दहा भाग केले तर सात भाग मी मंडळीत देतो आणि तीन भाग वहीच्या उजव्या बाजूसाठी ठेवतो. शास्त्रात अशी वाटणी सांगितलेली नाही, ती माझी आहे. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकली तेव्हा प्रभू दानपेटीसमोर बसून पाहत होता, हे पाकीट बंद करताना आठवावं.

पेठेत राहताना

आपण इथे परके नाही. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले. आषाढीला निघालेली तुकोबांची पालखी आमच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, ज्ञानोबांची भवानी पेठेत. त्या दोन दिवसांत आमच्या दुकानामागचं संडास-बाथरूम वारकऱ्यांसाठी उघडं असतं. दर तासाला ते मी स्वतः धुतो. बाहेर मोबाइल चार्जिंगचा बोर्ड आणि पाय बुडवायला गरम पाण्याच्या दोन बादल्या. तेव्हा पत्रकं वाटायची नाहीत, असं मी मुलांना बजावून ठेवलंय. थकलेल्या पायांचा माणूस पाहुणा असतो, आणि प्रभूने त्या शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले ते काही हातात कागद द्यायला नाही. कुणी आपणहून विचारलं, ‘तुम्ही माळकरी का?’, तर मी कोण आहे ते सरळ सांगतो. मग बऱ्याचदा छान गप्पा होतात.

गणपतीच्या वर्गणीचं काय, हा प्रश्न दर वर्षी येतो. आमच्याकडे यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींकडे प्रामाणिक माणसं आहेत. मी मंडळाच्या पोरांना सांगतो की रक्तदान शिबिराचा चहा-नाश्ता माझ्याकडून, आणि स्वतः रक्तही देतो. शेजारच्या वहिनींनी आणलेले मोदक त्यांच्या प्रेमाचे म्हणून घेतो. ज्याचं मन घेत नाही त्याने घेऊ नयेत, पण ताट परत करताना त्यात नाताळच्या करंज्या नक्की असाव्यात. रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय यासाठी वाचा. कुणाच्या ताटाकडे पाहून त्याचा विश्वास मोजू नये, हे त्यात फार नीट समजावलंय.

ससून रुग्णालयात कुणाला भेटायला गेलात तर दहा मिनिटं पुरे. प्रार्थना करू का, असं आधी विचारा. स्तोत्र 23 किंवा 121, हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्याला त्रास न होता. आजार का आला याचं कारण सांगत बसू नका. शास्त्रातल्या संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते तोवर चांगले होते. रुग्णापेक्षा बाहेर जिन्यावर बसलेल्या नातेवाइकाची चौकशी करा. त्याने आंघोळ केलीय का, जेवलाय का, रात्री कोण थांबणार? बहुतेक वेळा उजव्या बाजूला लिहायचं ते त्या जिन्यावरच सापडतं. दुःखाच्या घरी तिसऱ्या दिवसापर्यंत सगळेच जातात, डबेही येतात. तुम्ही चाळिसाव्या दिवशी जा.

शनिवारी रात्री

उपासना रविवारी नऊला सुरू होत असली तरी माझी तयारी शनिवारी आठला शटर ओढलं की सुरू होते. गल्ला मोजून झाला की तिथेच स्टुलावर बसून आठवड्याचं पान काढतो. उजवीकडचं काय राहिलं ते पाहतो आणि त्यातला एक फोन तेव्हाच करतो. घरी कपडे, पाकीट, स्तुतीगीतांचं पुस्तक एका जागी ठेवतो. सकाळी घाईत एकमेकांवर ओरडून, मग रस्ताभर गप्प राहून देवळात शिरणं आम्ही फार वर्षं केलं. रात्रीच्या या पंधरा मिनिटांनी ते बंद झालं.

मंडळीत वीस मिनिटं आधी या. नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या माणसांजवळ बसू नका. मागून दुसऱ्या बाकावर बसा, कडेची जागा सोडून. नवा माणूस मागेच बसतो. उपासना संपल्यावर त्याच्याशी आधी बोला, ओळखीच्यांशी नंतर.

गेल्या जूनमध्ये अशीच एक मुलगी शेजारी येऊन बसली. लातूरकडची, सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पुण्यात आल्यापासून मराठी उपासना शोधत होती. बायकोने तिच्या मेसची चौकशी केली. आता दर रविवारी दुपारी आमच्याकडे एक ताट जास्त वाढलेलं असतं. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. डावीकडे तिचं नाव आणि तारीख लिहून झालीय. केंद्र लांबचं मिळालंय, पहाटे तिला तिथे कोण सोडणार ते उजवीकडे अजून लिहायचंय.